परवलीचा शब्द आणि त्याचे राखणदार

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेलगत, जयदेववाडी येथे महानुभाव पंथाचे 'जाळीचा देव' हे स्थान आहे. श्रीचक्रधर स्वामींच्या वास्तव्याची स्मृती तेथे जपलेली आहे आणि पंथीय भाविक दूरदूरहून तेथे येतात. मराठीच्या विद्यार्थ्याचे लक्ष या स्थानाकडे सहसा 'लीळाचरित्रा'च्या वाटेने जाते. आमचे लक्ष आज थोड्या वेगळ्या कारणाने तिकडे गेले आहे. ज्या पंथाने मराठी गद्याचा पाया घातला, त्याच पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके कुलपात ठेवले. ते कुलूप लोखंडाचे नव्हते, अक्षरांचे होते. आज आपण ब्राउझरच्या पोटात आपले परवलीचे शब्द साठवून निर्धास्त होतो, त्या व्यवहाराचा विचार करताना या जुन्या कुलपाची आठवण होणे आम्हांला स्वाभाविक वाटते. दोन्ही ठिकाणी खरा प्रश्न कुलपाचा नाही, किल्ली सांभाळणाऱ्याचा आहे.

महानुभावांचा इतिहास वाचकांना परिचित आहे, म्हणून तो येथे थोडक्यातच सांगतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गावोगाव हिंडून, सांगणाऱ्यांना विचारून जमवल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. श्रीनागदेवाचार्यांचा आग्रह असा की, ग्रंथ संस्कृतात नकोत. पंथातील साध्यासुध्या वृद्ध स्त्रियांना ते कळले पाहिजेत. भाषेच्या बाबतीत इतका खुला दरवाजा ठेवणाऱ्या या परंपरेत चौदाव्या शतकात 'सकळ लिपी' आली. 'सह्याद्रिवर्णन' रचणारे रवळोबास हे तिचे कर्ते मानले जातात. पुढे 'सुंदरी', 'अंक', 'वज्र', 'पारिमांडल्य' अशा आणखीही लिप्या वापरात आल्या. भाषा सर्वांची आणि लिपी मात्र आपल्यापुरती, असा हा विलक्षण संसार आहे. पंथ पंजाबपर्यंत, पेशावर-काबूलपर्यंत पसरला, तेव्हा तिकडच्या मठांतही मराठी पोथ्या गेल्या आणि लिप्यांची किल्लीही त्यांच्याबरोबर गेली.

हे कुलूप कोणासाठी होते? परचक्राच्या भीतीने पोथ्या लपवल्या, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. देवगिरीवरील स्वाऱ्यांच्या धामधुमीत 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत गेली, ही सांप्रदायिक हकिकत त्याला पूरक म्हणून सांगितली जाते. आम्हांला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. उत्तरेकडून आलेला स्वार मराठी पोथी वाचणार नव्हता. त्याच्या लेखी ती सकळ लिपीत असो की बाळबोधीत, सारखीच. पोथी जाळणाऱ्यापासून लिपी वाचवू शकत नाही. लिपी वाचवते ती वाचणाऱ्यापासून. ज्याला मराठी येते, जो शेजारच्या आळीत राहतो, जो पोथीतील वाक्य उचलून चारचौघांत त्याचा विपर्यास करू शकतो, त्याच्यासाठी हे कुलूप होते. थोडक्यात, ते शेजाऱ्यासाठी होते.

आता या कुलपाची घडण पाहू. देवनागरीतील एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजायचे, ही त्यातील मुख्य युक्ती. एकदा जुळणी ठरली की ती सर्व पोथ्यांना आणि सर्व काळाला लागू. अशा लिपीचे सामर्थ्य आणि दौर्बल्य एकाच ठिकाणी असते: ती जाणणारा एक जरी बाहेर बोलला, तरी एक पोथी उघडत नाही, सगळा ग्रंथसंग्रह उघडतो. १८८३ मध्ये ऑग्युस्त केरखॉफ्स याने लष्करी गुप्तलेखनावरील आपल्या फ्रेंच निबंधात यासंबंधीचे सूत्र मांडले. त्याचा आशय असा की, पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित राहायला हवे ते फक्त किल्लीत, आणि ती किल्ली सहज बदलता यायला हवी. (हा गृहस्थ पेशाने भाषेचा प्राध्यापक होता, ही गोष्ट आमच्या वाचकांना सुखावेल.) सकळ लिपीत पद्धत आणि किल्ली एकच होती. तरीही ती सुमारे साडेपाचशे वर्षे टिकली, याचे श्रेय आम्ही लिपीच्या कौशल्याला देत नाही. ते राखणदारांच्या निष्ठेला देतो. चार शिकल्यासवरल्या माणसांनी नेट लावून बसायचे ठरवले असते, तर अक्षरांच्या वारंवारतेवरून ती उलगडणे फारसे अवघड नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी, १९१० च्या सुमारास, इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती ही किल्ली आली. वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, पुढे वि. भि. कोलते अशा अनेकांनी तिच्या साहाय्याने हे दालन अभ्यासकांपुढे मांडले. पंथातील जाणत्या मंडळींच्या सहकार्यावाचून हे काम पुढे सरकले नसते. देशपांड्यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ मध्ये निघाले, नेन्यांनी 'लीळाचरित्र' १९३६-३७ मध्ये छापले आणि कोलत्यांची संपादित प्रत १९७८ मध्ये आली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे पहिले प्रकरण त्यामुळे नव्याने लिहावे लागले. तोवर मराठी गद्याचा उगम आपण कितीतरी अलीकडे शोधत होतो, आणि तो शोधणाऱ्यांची त्यात काही चूक नव्हती; पुस्तके होती, पण वाचता येत नव्हती.

राज्यव्यवहारातही किल्लीचा प्रश्न होताच, फक्त तेथे तिचे नाव शिक्का असे होते. मराठेशाहीतील पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब असे. मोर्तब अशासाठी की, मजकूर येथे संपला, याखाली कोणी काही वाढवू नये. हुकूम खरा की खोटा हे अक्षरावरून ठरत नसे, कारण अक्षर कारकुनाचेच असायचे. ते शिक्क्यावरून ठरे. म्हणून शिक्का कोणाच्या ताब्यात, याला राजकारणात अपार महत्त्व होते. प्रधानपदाची वस्त्रे देताना 'शिक्के-कट्यार' देण्याचा प्रघात पडला तो उगीच नव्हे. शिक्का ज्याच्या हाती, त्याचा शब्द धन्याचा शब्द. ही गोष्ट पुढे जालन्याकडे परत आल्यावर उपयोगी पडेल.

संगणकावरील परवलीचा शब्द तुलनेने अगदी कालचा. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांदो कॉर्बातो आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था दाखवून दिली. एक यंत्र, अनेक माणसे, प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी. मग एकाने दुसऱ्याचे उघडू नये म्हणून प्रत्येकाला एक शब्द देण्यात आला. म्हणजे हाही शब्द जन्माला आला तो शेजाऱ्यासाठीच! आणि तो फुटलाही लगेच. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला यंत्रावर मिळणारा वेळ पुरेना. त्याने सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम रेटले. १९६६ मध्ये तर गंमतच झाली. दोन फायलींची अदलाबदल होऊन, यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द दिसू लागले. शब्द जसाच्या तसा लिहून ठेवला की असे होणारच, हा धडा त्यातून मिळाला. पुढे १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी शब्द न साठवता त्याचे केवळ एक उलट न फिरवता येणारे रूप साठवण्याच्या रीतीचा अनुभव मांडला. आजची चांगली संकेतस्थळे याच वाटेने जातात: तुमचा शब्द त्यांच्याकडे नसतो, तो पडताळण्याची खूण तेवढी असते.

ब्राउझरला मात्र ही चैन परवडत नाही. त्याला तो शब्द तुमच्या वतीने त्या त्या चौकटीत भरायचा असतो, म्हणून तो पुन्हा मूळ रूपात काढता येईल असाच ठेवावा लागतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस संकेतस्थळे वाढली, प्रत्येक जण नाव आणि शब्द मागू लागला, आणि माणसाची स्मृती थकली. १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत शब्द लक्षात ठेवण्याची सोय होती. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या फायरफॉक्सच्या पहिल्या आवृत्तीत ती होती. २००८ मध्ये आलेल्या क्रोममध्येही ती आली. 'शब्द जतन करू का?' असा प्रश्न पडद्याच्या कोपऱ्यात उमटतो आणि आपण फारसा विचार न करता होकार देतो. किल्ल्यांचा जुडगा इतक्या सहजपणे आपण घरातल्या माणसाच्याही हाती देत नाही.

या जतनाची एक रीत पाहण्याजोगी आहे. फायरफॉक्स साठवलेले शब्द एका फायलीत गुप्त रूपात ठेवतो आणि ते उलगडण्याची किल्ली दुसऱ्या फायलीत. दोन्ही फायली एकाच कप्प्यात, शेजारी शेजारी. पोथी आणि लिपीची किल्ली एकाच रुमालात बांधावी तसे! नवा संगणक घेताना कोणी पहिलीच फाईल उचलून नेली, तर हाती केवळ न वाचता येणारी पोथी येते. दोन्ही नेल्या तर सर्व काही उघडते, आणि ते चोरालाही तितकेच लागू आहे. यावर उपाय म्हणून एक मुख्य शब्द ठरवता येतो. त्याने ती किल्लीच कुलपात जाते. क्रोम हा भार विंडोजसारख्या कार्यप्रणालीवर टाकतो: संगणकात ज्या नावाने प्रवेश झाला, त्या नावाला शब्द उलगडून मिळतात. २०१३ मध्ये यावर मोठी टीका झाली होती, कारण उघड्या यंत्रापुढे बसलेल्या कोणालाही साठवलेले सगळे शब्द एका क्लिकवर वाचता येत. ब्राउझर बनवणाऱ्यांचे म्हणणे असे की, यंत्रच परक्याच्या हाती पडले असेल तर वेगळ्या कुलपाने खोटाच दिलासा मिळतो. पुढे शब्द दाखवण्यापूर्वी संगणकाचा परवलीचा शब्द विचारण्याची रीत आली. पण शब्द दाखवणे वेगळे आणि शब्द वापरणे वेगळे. चौकटीत ठिपके आपोआप भरले जातात, शेजारी बसलेला फक्त कळ दाबतो. शब्द न कळताही दार उघडते.

येथे आमच्या मते सगळ्या गोष्टीची मेख आहे. ब्राउझरच्या या व्यवस्थेमागे एक न उच्चारलेले गृहीतक आहे: एक यंत्र, एक माणूस. १९६१ चा शब्द जन्मला तो नेमक्या उलट परिस्थितीत. आणि आपल्याकडे आजही परिस्थिती १९६१ सारखीच आहे. तालुक्याच्या गावातील ई-सेवा केंद्र घ्या, महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील दोन संगणक घ्या, तहसील कार्यालयातील मेज घ्या. शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विम्याचा अर्ज, प्रवेशाचा अर्ज, सगळे त्याच यंत्रावर. विद्यार्थ्याचा शब्द केंद्रचालकाच्या ब्राउझरमध्ये जतन होतो, आणि कित्येकदा तो शब्द ठरवतोही केंद्रचालकच. त्यात सहसा कोणाचा वाईट हेतू नसतो. रांग लांब असते आणि संकेतस्थळ मंद असते. दूरच्या चोराला अडवणारे कुलूप मजबूत झाले आहे. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसासाठी मात्र ते उघडेच आहे. महानुभावांच्या कुलपाचे अगदी उलट!

याची किंमत काय असू शकते, ते जालना जिल्ह्याने अलीकडेच पाहिले. अंबड आणि घनसावंगी या तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळातील अतिवृष्टी व अन्य आपत्तींच्या अनुदानवाटपात कोट्यवधी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याचा ठपका चौकशीत ठेवण्यात आला आणि २०२५ मध्ये अंबड येथे गुन्हा नोंदवला गेला. तहसीलदार आदी अधिकाऱ्यांचे लॉगिन आणि परवलीचे शब्द वापरून खालच्या कर्मचाऱ्यांनी बनावट लाभार्थ्यांच्या याद्या पुढे पाठवल्या, असा आरोप त्यात आहे. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. आम्हांला दिसतो तो शिक्का. पूर्वी कारकून मजकूर लिही आणि शिक्का दुसरा कोणी उमटवी. दोन हात लागत. आता दोन्ही कामे एकाच खुर्चीत बसून होऊ शकतात. शब्द तोंडी सांगितला जावो, मेजावरच्या चिठ्ठीवर लिहिला जावो किंवा ब्राउझरने लक्षात ठेवलेला असो, दप्तरात नाव उमटते ते अधिकाऱ्याचे. आणि ज्याचे पीक खरोखर पाण्यात गेले, तो शेतकरी त्या यादीत आपले नाव शोधत राहतो. याच घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. 'दासबोधा'त लेखनक्रियेवर स्वतंत्र समास आहे. अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे असावे याबद्दल समर्थ किती काटेकोर होते! आज यादीतले प्रत्येक अक्षर एकसारखेच असते. त्यावरून लिहिणारा ओळखू येत नाही, हीच अडचण.

कायद्याला ही गोष्ट कळलेली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-ग आले (इंग्रजी क्रमाने ते ६६-सी म्हणून ओळखले जाते). दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा परवलीचा शब्द अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कागदोपत्री शिक्क्याइतकीच प्रतिष्ठा शब्दाला मिळाली. व्यवहारात मात्र 'साहेबांचा पासवर्ड' हा कार्यालयाच्या सामायिक मालमत्तेचा भाग समजला जातो, पाण्याच्या माठासारखा.

आमच्या वाचकांत शिक्षक बरेच आहेत, म्हणून विभागातल्या संगणकाविषयी दोन शब्द. ज्या यंत्रावर आपल्याखेरीज दुसरा कोणी बसतो, तेथे जतनाच्या प्रश्नाला नकार द्यावा, आणि शक्य असेल तेथे विभागातील प्रत्येकासाठी संगणकात वेगळे नाव उघडावे. हे काम पाच मिनिटांचे आहे. ब्राउझरमध्येच आपल्या नावाने प्रवेश करणे त्याहून धोक्याचे, कारण मग एक शब्द नव्हे, घरच्या यंत्रावर साठवलेला सगळा जुडगाच मागोमाग तेथे येतो आणि उठताना तेथेच राहू शकतो. साठवलेल्या शब्दांची यादी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये असते. ती वर्षातून एकदा तरी उघडून, जुन्या नोंदी पुसून टाकाव्यात. घरच्या, एकट्याच्या यंत्रावर मात्र जतन करण्याला आमचा विरोध नाही. उलट, प्रत्येक ठिकाणी तोच एक शब्द वापरण्यापेक्षा ब्राउझरने सुचवलेला लांबलचक निरर्थक शब्द आणि त्यावर एक मुख्य शब्द, ही व्यवस्था पुष्कळ बरी. शब्दात आकडे हवेत, चिन्हे हवीत, तो सतत बदलायला हवा, हा आग्रह २००३ च्या एका अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेतून जगभर पसरला. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी नव्या मार्गदर्शिकेने ठरावीक मुदतीने शब्द बदलण्याची सक्तीही सोडली. आपल्या कार्यालयांत ती वार्ता अजून सर्वत्र पोचलेली नाही. तेथे शब्द दर काही महिन्यांनी बदलतो आणि त्याची चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटते.

राखणदारीची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. किल्ली फार जणांकडे गेली की जालन्यासारखे प्रकरण उद्भवते. ती कोणाकडेच उरली नाही, की काय होते? फायरफॉक्सचा मुख्य शब्द विसरला, तर तो कोणीही परत देऊ शकत नाही. तो नव्याने ठरवता येतो, पण तसे करताना साठवलेले सर्व शब्द पुसले जातात. महानुभावांची मूळ पोथी गेली, तेव्हा ती पुन्हा उभी राहिली ती पाठांतरातून. हिराइसेच्या एकपाठीपणाची हकिकत पंथात आदराने सांगितली जाते. मोडीच्या बाबतीत तर कुलूप घातलेच नव्हते. ती उघड्या व्यवहाराची लिपी होती. १९५० च्या सुमारास ती शाळांतून गेली, वाचणारे एकेक करून गेले, आणि कोणीही न लपवलेली दप्तरे आपोआप गुप्त झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये, अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली. त्या आंदोलनाच्या राजकीय बाजूत आम्ही शिरत नाही. पण निजामकाळातील आणि त्याआधीची दप्तरे उघडताच मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. लोकांचे हक्क कागदावर होते आणि कागद सरकारी कपाटात. कमी होती ती वाचकांची.

आज आपल्यापैकी अनेकांची टिपणे, हस्तलिखितांची छायाचित्रे, अर्धवट राहिलेले शोधनिबंध आणि पत्रव्यवहार कुठल्या ना कुठल्या संकेतस्थळावर, ब्राउझरने लक्षात ठेवलेल्या शब्दाच्या आड आहेत. अभ्यासक गेल्यावर घरच्यांच्या हाती यंत्र येते, कधी ते विकले जाते, कधी दुरुस्तीवाला ते कोरे करून देतो. गूगलने २०१३ पासून, ठरावीक काळ हालचाल न झालेल्या खात्यातील सामग्री कोणाला द्यावी हे आधी सांगून ठेवण्याची सोय दिली आहे; ती वापरणारे प्राध्यापक आम्हांला फारसे भेटलेले नाहीत. तोवर मुख्य शब्द एका कागदावर लिहून, लिफाफ्यात बंद करून, घरच्या दस्तऐवजांच्या पेटीत ठेवावा, आणि लिफाफा आहे एवढे एका माणसाला सांगून ठेवावे.